मधल्या दाराजवळची सीट

काल दुपारपासून नुसता भात.
तरी अंकारा सुटलं आणि
नेर्मिनच्या पोटात गोळा,
म्हणायचा नव्हे, खराखुरा,
वळणावळणाला कूस बदलणारा.

बसमध्ये संडास नाही.
योझगात अजून सत्तर किलोमीटर.
बाहेर कापून नेलेला गहू,
आडोशाला झुडूपसुद्धा नाही.

क्लीनर पोरगा तळहातावर
लिंबाचं कोलोन ओततो,
चहा विचारतो.
नको म्हणता म्हणता तिच्या
पोटातलं ओठावर येतं.

तो हसत नाही.
"हात वर करा, ताई. ड्रायव्हर माझा मामा.
कुठंही थांबेल."

मग पाट्या येतात, जातात;
ती मोजायचं विसरते.

योझगातला उतरते. पोट गप्प.
तरी रांगेत उभी राहते,
सुट्टं नाणं मुठीत गरम.
सिवास लांब आहे अजून.