दहा पाय

आठवडाभर मेडिकलच्या एक्स-रे खोलीत मी सांगत असते,
श्वास घ्या. रोखा. हलू नका.
मग भिंतीआड जाऊन बटण दाबते.
रविवारी हेच मला स्वतःला सांगावं लागतं
आणि मी कुठल्याही पेशंटइतकंच कमी ऐकते.

पाचगावच्या गिट्टीखदानी मागे टाकून
आम्ही उमरेडचा रस्ता सोडतो.
बिसन मारबतेनं डोंगा काढून ठेवलेला असतो बेशरमच्या झुडपाशी.
माझ्या लेन्सकडे बघून तो दर खेपेला विचारतो,
"इतक्या पैशात किती पोते शिंगाडे येतीन जी?"
खरी किंमत मी अजून सांगितलेली नाही.

तळं अर्धं त्याच्या सोसायटीचं,
अर्धं कोणाचंच नाही.
भादव्याचं ऊन मानेवर बसलेलं,
डोंग्याच्या बुडाशी कोमट पाणी, त्यात माझ्या चपला,
आणि शिंगाड्याच्या वेलांचा तो ओला, किंचित कुजका वास
जो सोमवारी दुपारपर्यंत केसांतून जात नाही.

पहिला महिनाभर मी चुकीचंच पाहत होते.
जांभळ्या पाणकोंबड्या नवरीसारख्या नटून पुढे यायच्या
आणि मी कार्ड भरून घरी न्यायचे.
बिसननं एकदा वल्हं आडवं धरून डोंगा थांबवला.
"ते तं रोजचंच हाय, मॅडम.
थो पाहा, थो बापमाणूस."

कमळपक्षी.
बोटं इतकी लांब की पान बुडायचं विसरतं.
मादी अंडी घालून कधीच पलीकडच्या काठाला लागली;
याला त्याचं काही वाटत असेल
तर ते चारशे एमएममधून दिसत नाही.
मागे चार पिल्लं, कापसाच्या बोंडाएवढी,
प्रत्येकाचं एक पान, प्रत्येकाची एक घाई.

घारीची सावली वेलांवरून सरकत आली.
तो बसला. पंख जरासे उचलले, खिडकी उघडावी तसे.
चारही जणं आत.
आणि मग तो उभा राहिला, चालू लागला,
पंखांखालून लोंबत होते
एक, दोन, पाच, सात...
मी मोजतच राहिले.
दोन त्याचे, आठ त्यांचे.
दहा पायांचा पक्षी, दोनांवर चालणारा.

"काढला का?" बिसननं विचारलं.
काढला होता. नऊच आले.
दहावा कडेला कापला गेला,
कारण मी श्वास सोडला होता.

सोमवारी एक जण दीड वर्षाच्या पोरीला घेऊन आला,
काटोलकडचा, अंगात शिशाचा एप्रन, डोक्यावर टोपी तशीच.
पोरगी रडत होती, तिला कोण सांगणार रोखायला.
मी म्हटलं, तुम्हीच धरा, घट्ट.

फिल्म आली. छाती बारीकशी,
चिमणीच्या घरट्याच्या काड्या दिसाव्यात तशा बरगड्या,
आणि दोन्ही बगलांत
मोठ्या माणसाच्या बोटांची हाडं.
डॉक्टर बोरीकर म्हणाले, हे मधे आलंय, पुन्हा काढायचं का?

मी म्हटलं, नको सर, फुप्फुसं स्वच्छ दिसतायत.
आणि उजेडाच्या पेटीवर फिल्म तशीच लावून
सवयीनं
बोटं मोजली.