दाखिल-खारिज

शाळेचं रजिस्टर मांडीवर घेऊन
साडेदहापासून बसले आहे या बाकावर.
लाल कापडाची पाठ, कोपरे उंदरांनी चाखलेले.
इंदूरच्या या कोर्टात पंखा फिरतो
तो वकिलांच्या डोक्यावर.

अनुक्रमांक आठशे एकेचाळीस.
नाव सांगणार नाही.
कायद्यानं झाकलंय, म्हणजे माझ्या तोंडालाही झाकण.

तिचा बाप आला होता
गाडी फाटकाबाहेर लावून, अंगाला कचोरीच्या तेलाचा वास.
मॅडम, दीड साल पीछे लिख दो,
घर पे कोई नहीं, यहाँ बैठेगी तो सही.
ती साडेचार वर्षांची, त्याचं धोतर धरून
माझ्या टेबलावरचा शिक्का हुंगत होती.
मी म्हटलं, भैया, एम.वाय. की पर्ची लाओ.
आणली. हळदीचा डाग पडलेली.
मी दोघांना परत पाठवलं
आणि वय झाल्यावर आली तेव्हा लिहिलं,
आधी अंकात, मग अक्षरात,
नियमाप्रमाणे.

त्या दीड वर्षावर आज
एक माणूस सुटायचा किंवा अडकायचा आहे.

बचावाच्या वकिलानं चिठ्ठी दाखवली.
मैं अपनी मर्ज़ी से जा रही हूँ.
अक्षर तिचंच. मला पाहताक्षणी कळलं.
रफार नेहमीसारखा पुढच्या अक्षरावर घसरलेला.
सुट्टीच्या प्रार्थना-पत्रातही असाच द्यायची,
आणि खाली बापाची सही नसली
की मीच परत करायचे अर्ज.

पातालपानीच्या सहलीलाही तिची मर्जी होती.
रडून नाक लाल होईपर्यंत होती.
सही नव्हती.
बस गेली.
तेव्हा कुणी मला म्हणालं नाही
की पोरीच्या इच्छेचा मी अपमान केला.

मर्जी खोटी होती असं मी म्हणत नाहीये.
तिनं मानलंही असेल मनापासून,
सोळा वर्षं नऊ महिन्यांचं मन जेवढं मानू शकतं तेवढं.
पण मागणारा चौतिशीचा होता.
मल्हारगंजात त्याचा कॉम्प्युटर क्लास,
फी माफ करायचा, वाढदिवस लक्षात ठेवायचा.
म्हणजे तारीख त्यालाही पाठ होती.

आमच्याच शाळेचा तो.
जुन्या कपाटात त्याचं रजिस्टर आहे.
ज्या वर्षी बारावीचा दाखला घेऊन गेला
त्या वर्षी ती जन्मली.
हे मला कुणी विचारलं नाही.

विचारलं ते एवढंच :
ये तारीख आपने अंदाज़ से लिखी?
नहीं साहब. पर्ची देखकर.
पिता ने बदलवाने को कहा था?
कहा था.
और आपने?
नहीं बदली.
जज साहेबांनी चिठ्ठी बाजूला सरकवली,
बोट माझ्या ओळीवर ठेवलं
आणि टायपिस्टला म्हणाले, लिखिए.
तिच्या मर्जीबद्दल मला एक शब्दही विचारला नाही.
मला आधी राग आला, मग कळलं,
की तो प्रश्न या खोलीत विचारायचाच नसतो,
त्याचं ओझं तिच्या अंगावरून
काढून घ्यायचं असतं.

हे तिला कोण सांगणार?
जिन्यापाशी भेटली. ओढणी दातात धरलेली.
थोड़ा आगे-पीछे लिख देतीं आप, म्हणाली,
तो मैं बड़ी होती.
मी तिच्या डोक्यावर हात ठेवायला गेले.
ती एक पायरी खाली सरकली.

संध्याकाळी शाळेत कुणी नव्हतं.
रजिस्टर उघडलं. आठशे एकेचाळीस.
शेवटचा रकाना, शाळा सोडल्याचं कारण, कोरा.
सहा महिने गैरहजर; नियमानं नाव खारिज करायला हवं.
पेन उघडलं.
शाई निबापर्यंत आली.
टोपण लावलं,
आणि कपाटाला कुलूप घालताना
पहिल्यांदाच नियम मोडला.