सांधा

शहापुरात कोरे गल्लीच्या तोंडाशी माझं दुकान.
दुकान कसलं, एक दाभण, खळीचं पातेलं,
लोखंडी प्रेस, आणि मी.

मंदाकिनीबाई हलगेकर दोन पुस्तकं घेऊन आल्या.
एक जुनं, पाठ उसवलेली,
कोपरे दुमडून दुमडून गोल झालेले.
दुसरं कोरं करकरीत, वर लाल अक्षरांत : भाग दुसरा.
म्हणाल्या, दोन्ही एकात बांधा.
बाबांना दिसत नाही आता, मीच वाचून दाखवते.
कुठं एक संपलं नि कुठं दुसरं लागलं
ते त्यांच्या हाताला कळू नये.

जुनं मी ओळखतो.
चाळीस वर्षांत याच्या चौदा प्रती शिवल्यात,
वाचनालयाच्या, कॉलेजच्या,
एक निपाणीच्या तंबाखू वखारीतली,
उघडली की शिंका.
शेवटी ती बाई लोंढ्याच्या फलाटावर उभी असते.
गाडी आलेली असते.
आणि लेखक एवढंच सांगतो
की तिनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली.
बास. पुढचं पान कोरं.

त्या कोऱ्या पानावर बहुतेक प्रतींत कुणी ना कुणी
पेन्सिल चालवलेली.
चढली.
चढली नाही.
चढली, पण खानापूरला उतरली.
एकानं कानडीत लिहिलेलं, ते शिवक्काकडून वाचून घेतलं :
पिशवीत काय होतं ते आधी सांगा.
खोडरबर टेबलावरच असतो माझ्या.
लावला नाही कधी.

शिवक्का, माझी बायको, शेजारच्या मागांवर सांधणी करते.
संपत आलेल्या ताण्याच्या टोकांना नव्या ताण्याची टोकं,
बोटाला राख लावून, एकेक धागा, पीळ देत.
तिला म्हटलं, हे पाप आहे बघ.
संपलेल्याला कोण जोडतं?
ती म्हणाली, मी. रोज.
मग थोड्या वेळानं :
चाळीस वर्षं झाली ओ, ती बाई फलाटावर उभी हाय.
तुमच्या जिवाला गोड वाटतंय
म्हणून तिनं पाय मोडंपर्यंत ऱ्हायचं व्हय?
बसू द्या की तिला.

उत्तर सुचलं ते रात्री, जेवताना.
सांध्याचा हातभर कपडा तुम्ही लुगड्यात घेत नाही,
कापून टाकता.
टाकत न्हाई, म्हणाली,
आणि सांध्याच्याच फडक्यानं
ताटाखालची जमीन पुसली.

शेवटी शिवलं.
नव्याची पाठ फोडली, जुन्याच्या फर्म्यांवर
नवे फर्मे बसवले, दोरा एकच.
मधलं कोरं पान काढलं नाही. त्यावर एक ओळ होती,
हलगेकर मास्तरांच्या बारीक, शाळेच्या अक्षरात :
गाडी चुकली तरी चालेल.
ही ओळ लेकीला दिसली असणार. बोलल्या नाहीत.

नवं मी वाचणार नव्हतो.
पण फर्मे ठोकून सरळ करताना
एक वाक्य डोळ्यांत गेलंच :
जिना उतरताना ती आता कठड्याला धरते,
डावा गुडघा दुखतो तिचा.
डावा.
एवढं कुणी सांगितलं या लेखकाला?
पान झटकन मिटलं, पण गुडघा मिटेना.

बाईंनी पाठीवरून बोट फिरवलं,
लागत नाही, म्हणाल्या, पैसे दिले, गेल्या.
मास्तरांनी पुढचं ऐकलं
की हात वर करून वाचन थांबवलं, मला माहीत नाही.
दोनदा त्यांच्या घरावरून गेलो. विचारलं नाही.

परवा कागदाच्या गठ्ठ्यापायी लोंढ्याला गेलो होतो.
गाडी लागली.
सवयीनं दिव्याच्या खांबाखाली बघितलं,
चाळीस वर्षं बघतोय तसं.
आणि मग, शिवक्काला सांगितलेलं नाही अजून,
बाकड्याकडंही बघितलं.