अठरा खटके

रांगिटाटाच्या वर, घोंगावत्या वाऱ्यात
मेरेआना पोटावर.
पलीकडच्या कड्यावर ताहर, आयाळ विस्कटलेली.
चारशे ऐंशी मीटर.
दस्त्यावर चिकटपट्टीखाली बापाचं अक्षर:
बावीस खटके वर.

दुर्बिणीचं टोपण काढलं
तर चकती आधीच अठरावर.

चहाच्याही आधी जो
चकती शून्यावर आणून ठेवायचा
तो कशावर नेम धरून
तसाच उठून गेला होता गेल्या हिवाळ्यात?
डब्यात गोळ्या पुरत्या वीस.

आधी शून्य, मग मोजणी. त्याचाच नियम.
तिनं बोट ठेवलं, काढलं.
मग नुसतेच चार.
टिक्. टिक्.
टिक्.
चौथ्याआधी ताहर कड्याआड.

एकवीसवर टोपण लावलं तिनं.
घरी कुणी विचारलंच
तर सांगता येईल,
वारा होता.