नक्षी जुळत नाही

बाबांनी याक विकला
आणि ओशच्या बाजारातून दोन टायर आणले.
चिखलाचे. बोटभर खोल खाचा,
गुट्टे असे की हात दाबला तर तळव्यावर उमटावेत.
दोनच. चारांचे पैसे एका याकात बसत नाहीत.

मी म्हटलं, मागे लावा.
ते म्हणाले, बुरुल्चा, आता तू मला शिकव.
पुढचं चाक वाट शोधतं.
मागच्याचं काय, ते येतंच आपलं मागून.
आईबद्दलही ते हेच म्हणायचे,
ती ओशला भावाकडे गेली त्या आधी.

मागे होते ते दोघे परस्परांनाही अनोळखी:
डावा काराकुलच्या डॉक्टरच्या गाडीचा,
डांबरासाठी केलेला, सरळ रेघांचा, शाळेच्या वहीसारखा.
उजवाही रेघांचाच. तो कुठून आला कुणाला आठवत नाही,
त्याच्यावरचा आकडासुद्धा झिजून गेला होता.

मी मुरगाबला पंक्चर काढते. नऊ वर्षं झाली.
टायर पाहिला की माणूस कळतो.
कडा खाल्लेल्या, म्हणजे हवा भरायचा कंटाळा.
मधोमध झिजलाय, म्हणजे भित्रा, फुगवून ठेवणारा.

दोरी घेऊन परीघ मोजला.
पुढचा चार बोटं मोठा निघाला.
म्हटलं, चारही चाकं जुंपलीत
की शंभर फेऱ्यांत सात मीटरची तूट.
ती कोण भरणार?
कोरड्या रस्त्यावर हा हिशेब लोखंडात साठत जातो.
बाबा म्हणाले, बर्फात कोण मोजायला बसतं.
हेही खरंच होतं.

ऑक्टोबरात अक-बैताल चढलो.
मागच्या सीटवर ओरोझबाय मास्तर,
त्यांचं शिवणयंत्र, दोन खरबुजं.
चढावर पुढच्या चाकांनी नखं रोवली,
उआझ धापा टाकत, पण ओढत गेली.
बाबा माझ्याकडे बघेनात,
नुसते गुणगुणत होते. त्यातच सगळं आलं.

उतरणीला त्यांनी ब्रेकला पाय लावला.
लावला म्हणजे नुसता टेकवला.
पुढचे थांबायला तयार होते,
मागचे नव्हते.
शेपूट डोक्याला ओलांडायला निघालं,
आभाळ काचेतून एकदा गेलं, पुन्हा गेलं,
एक खरबूज पुढे येऊन माझ्या पायाशी टेकलं
आणि इंजिन बंद.

आम्ही उलटे उभे होतो,
आलो तो घाट समोर ठेवून.
कुणी काही बोललं नाही. वारा दाराला लागला होता.

बाबा उतरले. रस्ता बघत राहिले.
वर वळणापर्यंत फक्त वहीच्या रेघा.
सरळ जाताना मागचं चाक
पुढच्याची खूण पुसत येतं,
म्हणून महागाच्या गुट्ट्यांचा
एक ठसाही उरला नव्हता तिथे.
जिथे गाडी फिरली तिथेच फक्त
दोन्ही नक्ष्या वेगवेगळ्या दिसत होत्या,
स्वच्छ, बर्फावर, चार बाजूंना.

ते बराच वेळ बघत होते.
मग डिकी उघडून पाना काढला
आणि माझ्या हातात न देता
स्वतःच नट सैल करायला बसले.
मी जॅकखाली दगड लावला.
बोटं लोखंडाला चिकटत होती.
मास्तरांनी गुडघ्यावर खरबूज कापलं,
फोड पुढे केली. बाबांनी तोंडानंच घेतली.

निघालो. चिखलाच्या टायरची घरघर
आता मागून येत होती.
मैलभर गेल्यावर बाबा म्हणाले,
मागे कुणीतरी आहे असं वाटतं.
मास्तर म्हणाले, मी आहे की.

काही दुरुस्त झालं नव्हतं तसं.
चार बोटं तेवढीच होती, तूटही तेवढीच.
काराकुलच्या अलीकडे बर्फ संपलं,
कोरडं डांबर लागलं,
तेव्हा मी सांगायच्या आत
त्यांनी गाडी कडेला घेतली
आणि वाकून, एकेक करून,
पुढची चाकं मोकळी केली.