मोरी

तोंडवळीत, बापाच्या होडीतून उतरते ती मोरी.
कातडीवर उलटा हात फिरवला तर बोट सोलतं,
म्हणून आधी कढत पाणी, मग राख, मग आयेची शिवी.
कधीकधी पोटात पिल्लं निघत, आठ-दहा, डोळे उघडे.
तेव्हा आये सुरी खाली ठेवून
नुसती बसायची, हात पदराला पुसत.
नि लगेच म्हणायची, "बाळंतणीक मोरीसारख्या काय नाय."

मला दिली मसुऱ्यात. खाडी तीच, चार मैल आत.
पहिल्या अमावास्येला मामंजी म्हणाले,
"मोरी बघून ये गो, भरती लागली हा."
मी विळी काढली, परात काढली,
टोपात पाणी तापत ठेवलं
आणि विचारलं, कोणी आणली?
जावा चुलीमागे हसून हसून आडव्या.

इथे मोरी म्हणजे खाजणाच्या बांधातलं भोक.
जांभ्याची चौकट, तिच्यात फणसाची फळी.
ओहोटीला पाणी सोडायचं, भरतीला अडवायचं.
फळी फुगली का, कुर्ल्यांनी माती पोखरली का,
हे हात घालून बघायचं.
हात घालून! ते मला जमेना.
माझ्या लेखी त्या शब्दाला अजून दात होते.

भादव्यातल्या उधाणाला फळी गेली.
सकाळी कोरगुटाच्या लोंब्यांखाली गुडघाभर खारं पाणी
आणि चुडांच्या मधून वाट काढत
वीतभर, राखाडी काहीतरी.
"ही खयसून इली?" दिराने विचारलं.
"मोरीतून," मी म्हटलं.
कोणी हसलं नाही.

पंचनाम्याला भाऊसाहेब आले, सांगोल्याकडचे.
नुकसानीचं कारण? मोरी फुटली.
त्यांचं पेन थांबलं.
"वहिनी, न्हाणीघराचं नाही, शेताचं विचारतोय."
मामंजींनी त्यांना बूट काढायला लावले, बांधावर नेलं.
रकान्यात शेवटी लिहिलं गेलं: समुद्राचे पाणी.
त्यापेक्षा मोठी जागा रकान्यात नव्हती.

पिल्लू ओहोटीत चिखलावर राहिलं.
मी उलटा हात फिरवून बघितला.
सोललं बोट. अगदी थोडंसं.

पुढच्या अमावास्येला मला कोणी सांगितलं नाही.
गेले, खांद्यापर्यंत हात घातला.
पाणी बोटांमधून ओढत होतं, तोंडवळीच्या दिशेने.
भरती लागायच्या आत फळी टाकायची होती.
टाकली.
जरा उशिरानेच.