शंभर कागद जास्तीचे

शोमोलूच्या आमच्या गल्लीत
जनरेटर खोकला की दिवस सुरू होतो.
त्याच्याही आधी ओकेदिना बाबा यायचे,
रुळावरून बोट फिरवून शाई नाकाशी न्यायचे,
मीठ पुरलंय का बघावं तशी.

पहिल्याच दिवशी म्हणाले, अबोसेडे,
पाणी आणि शाई या सवती.
एका प्लेटवर नांदतात, एकमेकींना शिवत नाहीत.
पाणी वाढलं की अक्षर फिकुटतं,
शाई वाढली की कोरी जागा मळते.
आपण मधे उभं राहायचं
आणि कुणाचीच बाजू घ्यायची नाही.
त्यांच्या घरी खरोखर दोघी होत्या.
मी हसू गिळलं.

मग आठवड्याला एक शब्द, पगारासारखा,
आणि पगारासारखाच कधी उशिरा.
ब्लँकेट म्हणजे पांघरूण नव्हे, रबर:
प्लेटवर नाव सुलट, त्याच्यावर उलट,
कागदावर पुन्हा सुलट.
ग्रिपर म्हणजे दात. कागदाची एक कड
त्यांना चावायला कोरी सोडायची.
ब्लीड म्हणजे रंग कापायच्या रेघेबाहेर
तीन मिलिमीटर सांडू देणं,
कारण सुरीचा हात कधी ना कधी चुकतो.
रजिस्टर म्हणजे हजेरीवही नव्हे.
पिवळा, किरमिजी, निळा, शेवटी काळा,
चौघांनी एकाच पावलावर पाऊल ठेवणं.

आणि मेक-रेडी.
गिऱ्हाइकाला पाचशे हवेत तर सहाशे मोज.
वरचे शंभर कुणाचे, मी विचारलं.
मशीनचे, म्हणाले.
तिचाही घास काढावा लागतो.

हरमाटनच्या धुळीत कागद कडांना वळतो.
त्याच दिवसांत ते गेले.
इबादानहून थोरली मुलगी आली,
पिशवीत फोटो, टोपी डावीकडे कललेली.
अंत्यविधीची पुस्तिका, सोळा पानं, चकचकीत,
पाचशे प्रती, शनिवारच्या आत.
डोळे पुसता पुसता तिने भाव पाडला.
कुणाकडून शिकली, ते मला ठाऊक होतं.

पिवळ्यात ते जवळजवळ नव्हतेच.
किरमिजीत गाल आले, थोडे रागावलेले.
निळ्यात टोपी.
काळा उतरला तेव्हा
ओठ दोनदा छापले गेले होते,
अर्ध्या केसाच्या अंतराने,
जसं काही बोलायला सुरुवात करताहेत.
पाना हातात घेऊन मी थांबले.
मशीन थांबलं नाही.
वीस कागद तसेच बोलत बाहेर पडले,
मग मी खुंटी सरकवली
आणि ते गप्प झाले. अगदी चोख.
मुलगी म्हणाली, हुबेहूब.

ते वीस, आणि आधीचे ऐंशी,
आमच्यात कुणी फेकत नाही.
सोमवारी त्यांच्यावरच
टोमॅटोच्या डब्याचं लेबल जुळवलं,
बुधवारी कुणा फोलाशादेच्या लग्नाचं आमंत्रण,
गुरुवारी शाळेची फी-पावती, तीही वाकडी.
एका कागदावर आता
बाबांच्या कपाळावरून टोमॅटो घरंगळतो,
नवरीचं नाव त्यांच्या दाढीत अडकलंय,
आणि ओठांवर लिहिलंय, रक्कम मिळाली.

कोपऱ्यावरची अकारावाली
गठ्ठ्याकडे बघून म्हणाली, देतेस का बांधायला?
शाई पोटात जाते, म्हटलं, नको.
कागद झटकले, कडा ठोकून एक केल्या,
पुन्हा ग्रिपरच्या तोंडाशी लावले.
टोपीच्या वर, उजवीकडे,
अजून थोडी जागा कोरी होती.